‘वेगळेच झालेत हो, छान!’

प्रश्न, थोडक्यात: मी मूळची लातूरकडची. लग्न होऊन मालवणजवळच्या एका गावी आले, त्याला वर्ष झालं. इथली माणसं मला वाईट बोलत नाहीत, उलट कौतुकच करतात. पण दर वेळी नंतर कुठेतरी टोचत राहतं. पहिल्या गणपतीत मी मोदक वळले, तर चुलत सासूबाई म्हणाल्या, ‘वेगळेच झालेत हो, छान!’ सासूबाई पाहुण्यांसमोर सांगतात, ‘नोकरी सांभाळून करते हो सगळं.’ शेजारच्या काकी म्हणाल्या, ‘कोकणची हवा मानवली हो तुला.’ सासरे तर बरं-वाईट काहीच बोलत नाहीत. हे टोमणे आहेत का? यावर बोलायचं काय? आणि नवऱ्याला सांगायचं की नाही?

उत्तर:

तुम्ही लिहिलेल्या प्रसंगांत टोमणा म्हणावा असा एकही नाही, असं माझं मत आहे. पण तुम्हाला टोचलं तेही खोटं नाही. त्या प्रत्येक वाक्यात शब्दांच्या पलीकडे काहीतरी होतं, आणि ते तुम्हाला जाणवलं. ते काय होतं, एवढाच प्रश्न आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात मी बरीच वर्षं कुटुंब समुपदेशन करते. घरात येणाऱ्या नव्या मुलींच्या तोंडून ‘त्या असं म्हणाल्या’ हे मी जितकं ऐकते, तितकं दुसरं क्वचितच काही ऐकते. अशा वेळी मी आधी एकच विचारते: त्या म्हणाल्या ते कळलं, पण तेव्हा ऐकायला कोण कोण होतं, आणि म्हणून झाल्यावर त्यांनी काय केलं?

बोलायचं एक आणि सुचवायचं दुसरं, ही आपल्याकडची फार जुनी रीत आहे. हाल नावाच्या सातवाहन राजाने गोळा केलेल्या महाराष्ट्री प्राकृत गाथांमध्ये एक गाथा आहे. गोदावरीच्या काठी एक बाई एका धार्मिक गृहस्थाला सांगते, ‘आता खुशाल फिरा हो महाराज, त्या कुत्र्याला काठावरच्या झाडीतल्या सिंहाने मारलं.’ वरवर पाहिलं तर ही परवानगी आहे, अगदी काळजीने दिलेली. पण कुत्र्याला घाबरणारा माणूस सिंहाच्या वाटेला कशाला जाईल? तिला तो तिथे नकोच आहे, कारण ती झाडी म्हणजे तिची प्रियकराला भेटायची जागा आहे. नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने ध्वनीचा, म्हणजे शब्दांतून सुचणाऱ्या अर्थाचा, विचार मांडताना हीच गाथा उदाहरणाला घेतली: शब्द म्हणतात ‘या’, ध्वनी म्हणतो ‘येऊ नका’. म्हणजे गोड वाक्याच्या पोटात दुसरं वाक्य असतं हे आपल्या लोकांना हजार वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे. त्या गाथेत आणखी एक गोष्ट आहे, ती मला कामात फार उपयोगी पडते. बाईचा त्या गृहस्थावर राग नाही. तिला स्वतःची जागा राखायची आहे. कौतुकाच्या आडून बोलणारी माणसं बहुतेक वेळा हेच करत असतात. समोरच्याला दुखवण्यापेक्षा स्वतःचं काहीतरी राखत असतात.

आता कौतुक ऐकायचं कसं ते सांगते. काय म्हटलं यापेक्षा काय म्हणायचं राहिलं, तिथे कान लावायचा. भाषेचे तत्त्वज्ञ पॉल ग्राईस यांनी 1975 साली छापून आलेल्या एका निबंधात एक उदाहरण दिलं होतं. तत्त्वज्ञान शिकवायच्या जागेसाठी एका विद्यार्थ्याने अर्ज केलाय आणि त्याचे प्राध्यापक शिफारसपत्रात एवढंच लिहितात की मुलाचं इंग्रजी उत्तम आहे आणि तो वर्गाला नियमित येत असे. निंदेचा एक शब्दही नाही. तरी वाचणाऱ्याला कळतं की मुलाला तत्त्वज्ञान येत नाही, कारण जे सांगायला हवं होतं तेच सांगितलेलं नाही.

हे आपल्याकडे शिकायचं असेल तर स्थळाच्या चौकशीइतकी चांगली शाळा नाही. कोकणात आजही मुलीचे वडील किंवा मामा गावात येतात, दुकानावर, देवळाजवळ, एखाद्या ओळखीच्या घरी बसतात आणि सहज विचारल्यासारखं विचारतात, ‘अमक्यांचा मुलगा कसा आहे?’ उत्तर येतं, ‘घराणं फार चांगलं हो. आजोबा म्हणजे देवमाणूस.’ विचारलं मुलाबद्दल, उत्तर आलं आजोबांबद्दल. जाणता मामा इथेच चहाचा कप खाली ठेवतो. ‘मुलगा शांत आहे’ याचा अर्थ खरंच शांत असाही असतो. पण ‘आता शांत आहे’ म्हटलं तर ‘आधी कसा होता’ हे विचारावं लागतं. ‘आईवर फार जीव आहे त्याचा’ हे ऐकल्यावर घरात शब्द कोणाचा चालतो ते पाहावं. ‘कष्टाळू आहे, बागेत राब राब राबतो’ या कौतुकात कमाई आली नाही. ‘मित्रमंडळी खूप, गावात सगळ्यांच्या हाकेला धावतो’ हे खरंच भूषण असू शकतं. पण सांगणाऱ्याने हे सांगताना नजर दुसरीकडे वळवली तर संध्याकाळची मंडळी कुठे बसते याची चौकशी करावी. सांगणारा खोटं बोलत नाही. त्याला शेजाऱ्याचं स्थळ मोडल्याचं पाप नको आणि मुलीच्या बापाला फसवल्याचंही नको. दोन्हीकडून सुटायला त्याच्याजवळ एकच वाट उरते: खरं तेवढंच बोलायचं, आणि नको ते गाळायचं. मला या माणसाबद्दल आदर आहे. आपल्याकडून त्याने फक्त एवढीच अपेक्षा ठेवलेली असते की गाळलेलं आपल्याला ऐकू यावं.

स्थळाच्या चौकशीत ही कान टवकारायची सवय उपकारक आहे. घरात रोजच्या रोज तीच लावली, की माणूस झिजतो. प्रत्येक ‘छान’मागे काहीतरी शोधत बसलं तर कोणतंच ‘छान’ पोहोचत नाही. म्हणून तुमचे प्रसंग एकेक करून पाहू.

मोदकांपासून सुरुवात करते. तुमच्याकडे गणपतीला बहुतेक घरी तळणीचे मोदक होतात. इथे उकडीचे. तांदळाच्या पिठाची उकड गरम असतानाच तेल-पाण्याच्या हाताने मळायची, पारी कडेला पातळ आणि बुडाला किंचित जाड ठेवायची, कळ्या जवळजवळ घ्यायच्या आणि मिटताना वर छोटंसं नाक काढायचं. पहिल्या वर्षी कोणाचीच पारी नीट होत नाही. कळ्या कमी पडतात, नाक वाकडं होतं, कडा जाड राहतात आणि वाफवल्यावर मोदक थोडा बसतो. चुलत सासूबाईंनी ताटात हात घातला तेव्हा त्यांच्या डोळ्यांनी हे सगळं एका क्षणात पाहिलं असणार, कारण त्यांनी आयुष्यभर तेच पाहिलं आहे. मग म्हणाल्या, ‘वेगळेच झालेत हो’, आणि लगेच ‘छान!’ हो, त्यात एक निवाडा आहे: आपल्या घरच्यासारखे झालेले नाहीत. तो निवाडा खरा आहे आणि तो त्यांनी शक्य तितका मऊ केला. वाईट झालेत, असं म्हणायचं असतं तर त्या काहीच बोलल्या नसत्या. आता मला सांगा, त्यांनी पुढे काय केलं? दुसरा मोदक घेतला का? तूप मागितलं का? पुढच्या घाण्याला तुमच्याशेजारी येऊन बसल्या का? हे तुम्ही लिहिलं नाहीत, आणि अर्थ तर तिथेच आहे. मी असते तर दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे गेले असते आणि म्हटलं असतं, ‘काकी, कळ्या तुटतात माझ्या, एकदा दाखवा ना.’ कारण ‘वेगळेच झालेत’ या वाक्यात एक मागणं दडलेलं असतं, शिकवायला बोलाव असं. ज्यांच्या हातांना आयुष्यभराचं कसब आहे आणि ते शिकून घ्यायला घरातली मुलं-सुना मुंबईला आहेत, त्या बायकांना कोणीतरी शेजारी बसून शिकावं याची फार ओढ असते.

दुसरं एक मुद्दाम सांगते, कारण बाहेरून आलेल्या मुलींच्या ते चटकन लक्षात येत नाही. ‘वेगळेच झालेत हो, छान’ हे वाक्य मालवणी नाही. मालवणीत ‘बरे झाले हां गो’ म्हटलं असतं. तुमच्या घरात माणसं आपसात मालवणी बोलत असणार आणि तुमच्याकडे वळून पुस्तकी मराठी. तुम्हाला जे टोचतं, त्यातलं निम्मं हेच आहे, असा माझा कयास आहे. पाहुण्याशी जपून बोलतात तसं ते तुमच्याशी जपून बोलतात. पेनेलोपी ब्राऊन आणि स्टीफन लेव्हिन्सन या अभ्यासकांनी तमिळसह तीन वेगवेगळ्या भाषांतलं सौजन्य ताडून पाहिलं होतं, आणि त्यांची मांडणी अशी की दोन माणसांत अंतर जितकं जास्त, तितकं सांभाळून, वळणं घेत बोलणं वाढतं. माझ्या अनुभवात कोकणात हे इतकं स्पष्ट आहे की त्यावरून नात्याचा ठाव घेता येतो. परक्याचं कौतुक करतात. आपल्या माणसाला रागावतात. मुंबईहून चाकरमानी गणपतीला घरी येतो तेव्हा म्हातारी काकी त्याला ‘या, या’ म्हणत नाही. ‘मेल्या, खय होतंस इतके दिस?’ म्हणते, आणि त्या ‘मेल्या’मध्ये वर्षभर वाट पाहिल्याचं सगळं येतं. आपल्या काव्यशास्त्रात व्याजस्तुती म्हणून अलंकार सांगितला आहे. निंदेच्या आडून स्तुती आणि स्तुतीच्या आडून निंदा, दोन्ही त्यात येतात. पुस्तकात तो अलंकार आहे, इथे ती रोजची बोली आहे. ज्या दिवशी चुलत सासूबाई ‘काय गो ह्या, नाक खय गेला मोदकाचा?’ म्हणून तुमच्या हातातून पारी ओढून घेतील, त्या दिवशी तुम्ही त्या घरच्या झालात असं समजा. तो दिवस लवकर यावा असं वाटत असेल तर मालवणी बोलायला लागा. चुकत बोला. हसतील. हसू द्या.

आता सासूबाईंचं वाक्य. ‘नोकरी सांभाळून करते हो सगळं.’ हे वाक्य तुमच्या कानावर पडलं, पण तुमच्यासाठी बोललेलंच नव्हतं. ते पाहुण्यांसाठी होतं. पाहुणी बाई घरात आली की तिचे डोळे फिरतात: भाकऱ्या कोण भाजतंय, वाढायला कोण उठलं, नवी सून कुठे दिसत नाही. ती काही विचारायच्या आत सासूबाईंनी उत्तर देऊन ठेवलं. काही कमी-जास्त दिसलं तर त्याला कारण आहे, आणि ते कारण मानाचं आहे. त्या तुमच्या पुढे उभ्या राहिल्या, असं मी याला म्हणेन. हेच वाक्य घरात कोणी नसताना, रिकाम्या डब्याकडे बघत, शेवटचा शब्द लांबवून म्हटलं असतं, तर माझं मत वेगळं झालं असतं. आपल्याकडे जुन्या शास्त्रकारांनी आवाजाच्या या फेराला काकु असं नावच दिलं आहे. शब्द तेच, सूर बदलला की अर्थ फिरतो. म्हणून मी समुपदेशनात वाक्य लिहून आणलेलं असेल तरी म्हणून दाखवायला सांगते. म्हणून दाखवताना मुली पुष्कळदा मध्येच थांबतात. त्यांना स्वतःलाच ऐकू येतं की सूर तसा नव्हता.

सगळीच वाक्यं इतकी निरुपद्रवी नसतात. एका घरातलं सांगते. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत. सासूबाई सुनेबद्दल सगळीकडे सांगत, ‘आमच्या हिला सगळं स्वच्छ लागतं हो, चकाचक.’ शेजारी, नातेवाईक, भाजीवाली, सगळ्यांना. सुनेला सुरुवातीला बरं वाटलं, मग त्यातलं कुसळ लागायला लागलं, मग दोघींचं बोलणं कामापुरतं उरलं. माझ्यासमोर दोघी बसल्या तेव्हा मी सासूबाईंना विचारलं, ‘स्वच्छता वाढली, मग कमी काय झालं?’ खूप वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘माझी आगळाची बाटली मला सापडत नाही.’ आगळ म्हणजे कोकमाचा रस. सुनेने स्वयंपाकघर लावलं होतं. जुन्या बरण्या काढून एकसारखे पारदर्शक डबे आणले होते, त्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. त्या बाईंना बारीक अक्षर दिसत नव्हतं. ज्या फळीवर डोळे मिटून हात घातला तरी मीठ, कोकम, आगळ, तिरफळं हाताला लागायची, त्या फळीवर त्या आता चाचपडत होत्या, आणि स्वतःच्या घरात मीठ कुठे आहे हे सुनेला विचारायची त्यांना लाज वाटत होती. ‘चकाचक’ या कौतुकात हे सगळं होतं. सून रडली. तिला वाटत होतं की आपल्या शिस्तीची टर उडवतायत. पुढच्या वेळी आल्या तेव्हा कळलं की चुलीच्या बाजूची एक फळी सासूबाईंना परत मिळाली, जुन्या बरण्यांसकट. ‘चकाचक’ हा शब्द त्यानंतर ऐकू आला नाही, असं सूनच म्हणाली.

म्हणून एखादं कौतुक पुन्हा पुन्हा, त्याच शब्दांत, वेगवेगळ्या माणसांसमोर यायला लागलं, तर तिथे काहीतरी अडलेलं आहे असं समजावं. एकदा आलेल्या वाक्याचा अर्थ लावू नये. सारख्या येणाऱ्या वाक्याचा लावावा.

शेजारच्या काकींच्या ‘हवा मानवली’ला मी फार महत्त्व देणार नाही. लग्नाला वर्ष झालेल्या मुलीला हे वाक्य कोकणात काय, कुठेही ऐकावं लागतं. वजन वाढलंय असं एक त्यात असतं, आणि काही बातमी आहे का ही चौकशी दुसरी. थेट विचारणं बरं दिसत नाही म्हणून हवेवर ढकललेलं असतं. ‘हो काकी, इथले मासे मानवलेत’ एवढं म्हणून विषय बांगड्यावर न्या. जे विचारलंच नाही त्याला उत्तर द्यायला तुम्ही बांधील नाही.

कौतुकातून मागणं हा प्रकार मात्र इथे नीट ओळखायला शिका, कारण तो ओळखता आला तर माणसं जोडली जातात. मे महिन्यात कोणी म्हटलं, ‘तुमच्या त्या कोपऱ्यातल्या झाडाचे आंबे म्हणजे अगदी साखर हो’, तर ‘थँक्यू’ म्हणून आत जाऊ नका. चार आंबे पिशवीत घालून द्या. ‘तुमच्याकडच्या आगळाची सोलकढी वेगळीच लागते’ म्हणजे बाटली मिळाली तर हवी आहे. यात लबाडी काही नाही. तोंडाने मागितलं आणि नाही म्हणावं लागलं तर दोघांनाही अवघड. कौतुक केलं तर देणाऱ्याला मोठेपणा मिळतो आणि न देणाऱ्याला सुटका. तुमचा डबा त्यांच्याकडे गेला की तो रिकामा परत येत नाही हेही तुमच्या लक्षात आलं असेल. तो भरून आलेला डबाच खरी पावती आहे.

याच्या उलट, एक कौतुक इथे कोणालाच नको असतं. जानेवारीत एखाद्या बागायतदाराला ‘यंदा मोहोर काय धरलाय हो!’ म्हणून पाहा. तो लगेच म्हणेल, ‘कसलं काय, तुडतुडा लागलाय.’ त्याला खोटा विनय म्हणू नका. शेकडो फुलांमागे एखाददुसरंच फळ हाती लागतं. मध्ये थंडी जाते, ढगाळ हवा येते, अवकाळी पाऊस येतो, कैरी सुपारीएवढी झाल्यावरही गळते. पेटी भरेपर्यंत कौतुक म्हणजे त्याला धास्ती. तान्ह्या बाळाचंही तेच. ‘बाळ किती गुटगुटीत’ म्हटलं की आजी चटकन तीट लावते किंवा विषय बदलते. दृष्ट खरी की खोटी हा प्रश्न बाजूला ठेवा. इथल्या समजुतीत ज्याच्यावर जीव आहे त्याचं मोठ्याने कौतुक करत नाहीत. तुमच्या सासऱ्यांच्या गप्प राहण्याकडे मी या बाजूने पाहते. ते जेवायला बसल्यावर भाकरी परत मागतात का? बाजारातून येताना तुम्हाला आवडणारी मासळी आणतात का? बँकेचं पुस्तक, वीजबिल, गोळ्यांची चिठ्ठी तुमच्या हातात देतात का? त्या पिढीतले पुरुष सुनेचं तोंडावर कौतुक करत नाहीत, पण विश्वास टाकला की घरातली कामं हळूहळू तिच्याकडे सरकवतात. तसं होत असेल तर आणखी काही ऐकायची वाट पाहू नका.

आता उत्तर काय द्यायचं. कौतुक ऐकणाऱ्याची एक जगभराची अडचण आहे. अनिता पॉमरँट्झ या अभ्यासिकेने 1978 मध्ये ती नेमकी मांडली: समोरच्याशी सहमत व्हावं तर आत्मस्तुती होते, नाकारावं तर समोरच्याला खोटं पाडल्यासारखं होतं. आपल्या मराठीत या पेचातून सुटायच्या वाटा तयारच आहेत. ‘छे हो, कसचं काय’ ही एक. ‘तुमच्याकडे बघूनच शिकतेय’ ही दुसरी. ‘तुमच्या हातची चव कुठली यायला’ ही तिसरी. मला दुसरी जास्त आवडते, कारण ती खरी ठरवता येते. घरातल्या माणसाला ‘धन्यवाद’ म्हणू नका. इथे ते दार लावून घेतल्यासारखं वाटतं. आणि टोचलं असेल तर जागच्या जागी ‘म्हणजे काय म्हणायचंय तुम्हाला?’ असं विचारू नका. आडवळणाने बोलणाऱ्या माणसाला चारचौघांत सरळ प्रश्न विचारला की ते नाकबूल करतात, आणि मग खरं कधीच बाहेर येत नाही. एक-दोन दिवस जाऊ द्या. भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना, दोघींचे हात कामात आणि नजर कामावर असताना विचारा, ‘त्या दिवशी मोदकांचं काही राहिलं होतं का?’ प्रश्न मोदकांचा करा, स्वतःचा करू नका.

काही वाक्यांना मात्र मी टोमणाच म्हणेन आणि त्यांना समजून घ्यायला सांगणार नाही. माहेरच्या गरिबीवर, रंगावर, हुंड्यावर, मूल होत नाही किंवा मुलगाच होत नाही यावर गोड आवाजात बोललेलं वाक्य हे गोड आवाजामुळे कौतुक ठरत नाही. ‘आईबापांनी शिकवलंय खूप, बाकी काही दिलं नसलं तरी’, ‘गुणाची आहे हो, एक ओटी तेवढी भरायची राहिली’ ही असली वाक्यं. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यात अपमान, टिंगल, विशेषतः मूल किंवा मुलगा नसण्यावरून बोलणं, हे शाब्दिक आणि भावनिक छळात स्पष्टपणे धरलेलं आहे. असं वारंवार होत असेल तर तारीख घालून वहीत लिहून ठेवा, माहेरच्या एका तरी माणसाला सांगा, आणि जिल्ह्यातल्या संरक्षण अधिकाऱ्यांकडे जायला किंवा 181 या महिला हेल्पलाइनवर बोलायला संकोच करू नका. तुमच्या पत्रात असं काही दिसत नाही. पण माझ्याकडे येणाऱ्या काही मुली या वाक्यांनाही ‘इथली बोलायची पद्धत’ म्हणून वर्षानुवर्षं सोसतात, म्हणून हे लिहिलं.

राहिला नवऱ्याचा प्रश्न. सांगा, जरूर सांगा. तो त्या भाषेत वाढला आहे, तुमच्यापेक्षा त्याला ती जास्त कळते. फक्त ‘तुझी आई मला टोमणे मारते’ अशी सुरुवात केलीत तर तो आईच्या बाजूने उभा राहील किंवा तुमच्या, आणि वाक्य बाजूलाच पडेल. वाक्य जसंच्या तसं, त्याच सुरात म्हणून दाखवा, समोर कोण होतं ते सांगा आणि विचारा, ‘तुमच्याकडे याचा अर्थ काय होतो?’ मग तो जे सांगेल ते मध्ये न तोडता ऐका. त्याला ते कौतुक वाटलं आणि तुम्हाला अजूनही टोचत असेल, तर तेही त्याला सांगा, पण आईबद्दल न बोलता स्वतःबद्दल बोला: ‘मला अजून पाहुण्यासारखं वाटतं.’ यावर त्याला काहीतरी करता येईल. येत्या चतुर्थीला मोदक वळायला तुम्हाला कोणाच्या शेजारी बसवायचं, इथपासून त्याने सुरुवात केली तरी चालेल. चुलत सासूबाईंना आधी निरोप त्यानेच द्यावा.